दारात पहिली गाय बांधण्यापूर्वी

बाजारात गाय पाहावयास गेलेल्या गृहस्थाची दृष्टी सर्वप्रथम जाते ती तिच्या कासेकडे. कास भरदार आहे, अंगावर तुकतुकी आहे, वासरू पायांशी घुटमळते आहे, एवढे दिसले की त्याचे मन निम्मे ठरते. आणि विकणाऱ्याने एका वेळच्या दुधाचा आकडा सांगितला की उरलेले निम्मेही ठरून जाते. ज्याच्या गोठ्यात पाच-दहा जनावरे आहेत, त्याची एखादी खरेदी फसली तरी बाकीच्यांच्या जिवावर तो ती निभावून नेतो. घरच्या दुधासाठी प्रथमच गाय घेणाऱ्या कुटुंबाची गोष्ट निराळी असते. त्याची गाय एकुलती एक. तिचे दूध घरातील मुले पितात, तिची धार घरचेच कोणी काढते, आणि ती व्याली म्हणजे तिचे बाळंतपणही घरच्यांनाच करावे लागते. गाईच्या अंगी रोग असेल तर तो या तिन्ही वाटांनी घरात येऊ शकतो. म्हणून अशा कुटुंबाने दुधाच्या आकड्याआधी गाईच्या प्रकृतीची चौकशी करावयास हवी.

गाईतील दोष स्थूलमानाने तीन प्रकारचे असतात. काही नुसत्या डोळ्यांना दिसतात. काही दोन-तीन वेळा समक्ष धार काढविल्यावर कळतात. आणि काही चाचणीवाचून मुळीच कळत नाहीत. ग्राहक बहुधा पहिल्या प्रकारापाशीच थांबतो. वास्तविक माणसाला ज्यांची बाधा होते ते दोन मोठे रोग, सांसर्गिक गर्भपात आणि क्षय, हे तिसऱ्या प्रकारात मोडतात. तेव्हा या तिन्ही पायऱ्या क्रमाने चढणे हेच शहाणपणाचे होय.

प्रथम डोळ्यांची परीक्षा. गाय दावणीला असताना थोडे दूर उभे राहून तिला पाहावे. निरोगी गाय सावध असते. कान हलवीत असते, नाकपुडीवर ओलसरपणा असतो, आणि विसाव्याच्या वेळी ती संथपणे रवंथ करीत असते. तिचा श्वास मिनिटास साधारण १५ ते ३० वेळा चालतो, आणि शरीराचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असते. खालची पापणी अलगद ओढून पाहावी. आतला भाग गुलाबी असावा. तो पांढुरका दिसला तर पोटातील जंत किंवा गोचिडांपासून होणारे ताप यांचा संशय घ्यावा. मग गाय सोडून चालवावी, थोड्या उतारावरूनही उतरवून पाहावी. जी गाय उतार उतरताना कचरते, कोपरे बाहेर काढून उभी राहते, जिच्या गळ्याखालच्या पोळीत सूज आहे, तिने चाऱ्याबरोबर तार किंवा खिळा गिळला असण्याचा संभव असतो. असा तुकडा जठराच्या पडद्यातून हृदयापर्यंत पोहोचतो. शहरातील उकिरड्यांवर चरलेल्या गाईच्या पोटात प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळाही साठलेला आढळतो. लाळ-खुरकतीतून उठलेली कित्येक जनावरे पुढे कायमची उन्हाला भिणारी होतात. सावलीतही धापतात आणि त्यांच्या अंगावरील केस लांब व राठ वाढतात. तोंडातील आणि खुरांतील व्रण बरे झाल्यावर हा दोष दुसऱ्या कशाने ओळखता येत नाही.

वय ओळखण्यास दातांवाचून खात्रीचे साधन नाही. गाईला समोरचे आठ दात खालच्या जबड्यातच असतात. दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास पहिली पक्की जोडी येते, तेव्हा ती दोनदाती. तीन वर्षांच्या सुमारास चारदाती. साडेतीन ते चार वर्षांत सहादाती. आणि साडेचार-पाच वर्षांत चारही जोड्या येऊन ती जुळते. पहिल्या गाईसाठी दुसऱ्या वेताची, व्याल्यास महिना-दीड महिना झालेली गाय सर्वांत सोयीची. तिचा स्वभाव कळलेला असतो, दुधाचा अंदाज बसलेला असतो आणि पुढची बरीच वेते बाकी असतात. शिंगांवरील वलये मोजून वय ठरविण्यावर विसंबू नये; शिंगे घासून गुळगुळीत करता येतात.

दुसरी परीक्षा धारेची. एक-दोन वेळची धार चुकवून कास तुंबवून ठेवणे, किंवा पान्हा सुटण्यासाठी इंजेक्शन टोचणे, या युक्त्या जनावरांच्या बाजारात अपरिचित नाहीत. त्यावर उपाय एकच. सायंकाळी समक्ष धार काढवून कास पूर्ण रिकामी करावी, आणि ते दूध हिशेबात धरू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी व सायंकाळी पुन्हा समक्ष धार काढवावी; त्या दोन वेळांचे दूध हेच तिचे खरे दूध. त्याच वेळी चारही सड निरनिराळे पाहावेत. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपड्यावर घ्याव्यात. दुधात गुठळ्या, पाण्यासारखा पातळपणा, पिवळसर छटा किंवा रक्ताचा अंश दिसला तर तो कासदाह, म्हणजे खेड्यापाड्यांत ज्याला दगडी म्हणतात तो रोग समजावा. धार काढून झाल्यावर रिकामी कास हाताला मऊ लागली पाहिजे. आत गाठ लागली तर तो भाग पूर्वीच्या रोगाने निकामी होत चालला आहे असे मानण्यास हरकत नाही.

परंतु कासदाहाचेही एक छुपे रूप आहे. त्यात दूध दिसावयास चांगले असते, कास सुजलेली नसते, आणि तरीही दूध हळूहळू घटत जाते. हे रूप ओळखण्यासाठी अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथे १९५७ साली एक सोपी चाचणी सुचविण्यात आली आणि ती त्याच नावाने आजही सर्वत्र वापरली जाते. चार खळग्यांच्या तबकात चार सडांचे दूध निरनिराळे घेऊन त्यात तितकेच औषधी द्रावण मिसळतात; रोग असेल त्या सडाचे दूध चिकट व दाट होते. पशुवैद्याला ही चाचणी गोठ्यातच, काही क्षणांत करता येते. ती न करता गाय घेणे म्हणजे चार सडांची किंमत देऊन कदाचित तीन सड घरी नेणे होय.

धारेबरोबरच विकणाऱ्याला काही प्रश्न स्पष्टपणे विचारावयास हवेत. ताकाला जाऊन भांडे लपविण्यात अर्थ नसतो. गाय किती वेळा व्याली? मधे कधी गाभडली होती काय? मागील वेळी वार आपोआप पडली की हाताने काढावी लागली? निरोगी गाईची वार साधारण बारा तासांच्या आत पडते. मायांग कधी बाहेर आले होते काय? व्याल्यानंतर ती माजावर आली काय, भरविली असल्यास कोणत्या तारखेला, आणि पुन्हा उलटली काय? गाभण म्हणून विकल्या जाणाऱ्या गाईची गर्भधारणा पशुवैद्याकडून तपासून घ्यावी. भरविल्यापासून दोन महिने उलटल्यावर ती हाताने तपासून सांगता येते. यांपैकी गाभडण्याविषयीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचे खरे उत्तर मिळण्याची शक्यताही सर्वांत कमी आहे. येथूनच तिसऱ्या परीक्षेस प्रारंभ होतो.

गाईच्या सांसर्गिक गर्भपाताचा जंतू डेन्मार्कमधील पशुवैद्य बर्नहार्ड बँग यांनी शोधून काढला आणि १८९७ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याच्या दहा वर्षे आधी, १८८७ साली, माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांना मनुष्याच्या एका चिवट तापाचा जंतू सापडला होता. हे दोन्ही जंतू एकाच कुळातील आहेत ही गोष्ट बऱ्याच काळानंतर उघड झाली, आणि ब्रूस यांच्या नावावरून त्या कुळास ब्रुसेला हे नाव मिळाले. या रोगाची गाय बहुधा पाचव्या महिन्यानंतर गाभडते. पण एकदा गाभडल्यावर पुढच्या वेळी ती दिवस पुरे भरून व्यालेलीही दिसते, तिची प्रकृती ठणठणीत वाटते, दूधही देते. आणि जंतू मात्र तिच्या कासेत व गर्भाशयात राहून दुधावाटे व बाळंतपणातील स्रावांवाटे बाहेर पडत राहतात. बाजारातील अत्यंत देखणी गाय या रोगाची असू शकते. तशी गाय विकावयास निघण्याचे कारणही कित्येकदा हेच असते.

मनुष्याला ही बाधा झाली म्हणजे येणारा ताप चढतो-उतरतो; रात्री घाम फुटतो, कंबर व सांधे दुखतात, थकवा जात नाही. विषमज्वर, हिवताप किंवा संधिवात समजून महिनोन्महिने उपचार चालावेत आणि गुण येऊ नये असे घडते. योग्य निदान झाल्यावरही बहुधा दोन औषधे सुमारे सहा आठवडे घ्यावी लागतात. म्हणून ज्या घरात गाय आहे त्या घरातील मनुष्याला लांबलेला ताप आला, तर डॉक्टरांना ‘घरी गाय आहे’ हे सांगणे अगत्याचे असते. ते एक वाक्य निदानाची दिशा बदलू शकते.

या रोगाची पहिली चाचणी साधी आहे. गाईच्या रक्तातील निवळीचा एक थेंब आणि ‘रोझ बेंगाल’ या गुलाबी रंगाने रंगविलेल्या जंतुद्रवाचा एक थेंब काचेवर मिसळतात. चार मिनिटांच्या आत त्यात कण जमले तर संशय घ्यावा आणि अधिक बारकाईच्या चाचणीसाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गाय नुकतीच व्यालेली किंवा गाभडलेली असेल तर ही चाचणी फसण्याचा संभव असतो. अशा वेळी तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा करावी. आणि कालवड असताना रोगप्रतिबंधक लस दिलेल्या गाईत क्वचित तिचा परिणाम रक्तात उरतो. म्हणून निकालाचा अर्थ पशुवैद्यानेच लावावा.

दुसरा छुपा रोग क्षय. गाईचा क्षय मनुष्याला बाधत नाही असे मत रॉबर्ट कॉख यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञांनी १९०१ साली लंडनच्या परिषदेत मांडले होते. त्यानंतर ब्रिटनमध्ये नेमलेल्या शाही आयोगाने दहा वर्षे प्रयोग करून ते मत चुकीचे ठरविले. गाईच्या दुधातून हा रोग माणसाला, विशेषतः मुलांना, होतो हे सिद्ध झाले. क्षयाची गाय आरंभी मुळीच खोकत नाही, वाळत नाही. तिची परीक्षा कॉख यांनीच १८९० साली जाहीर केलेल्या ट्युबरक्युलिन या द्रव्याच्या शुद्ध रूपाने होते. मानेच्या कातडीत त्याचे अत्यल्प प्रमाण टोचतात आणि ७२ तासांनी त्या जागेची जाडी मोजतात. अर्थात त्यासाठी पशुवैद्याला दोनदा यावे लागते, आणि विकणाऱ्याला तीन दिवस धीर धरावा लागतो. गाय व्याल्यानंतरचे पहिले काही आठवडे या चाचणीलाही फारसे अनुकूल नसतात. दीड महिन्याची व्यालेली गाय निवडण्याचे हेही एक कारण होय.

तिसरा रोग जर्मनीत १८९५ साली योहने यांनी वर्णिलेला, त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा आतड्यांचा रोग. त्यात गाय चारा खाते, ताप नसतो, पण थांबून थांबून पातळ शेण टाकीत राहते आणि झिजत जाते. जंतू शरीरात शिरल्यापासून ही लक्षणे दिसेपर्यंत वर्षे लोटतात आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. शेपटीला व मागच्या पायांना वाळलेले पातळ शेण चिकटलेले दिसले तर ‘हिरवा चारा जास्त झाला’ या उत्तरावर समाधान मानू नये.

येथे एका जुन्या समजुतीचा विचार करणे आवश्यक आहे. धारोष्ण दूध, म्हणजे नुकतेच काढलेले कोमट निरसे दूध, मुलांना पाजल्याने अंगी बळ येते अशी श्रद्धा मराठी घरांत फार जुनी आहे. आणि घरी गाय आली म्हणजे ती हौस पुरी करण्याचा मोह होतो. ब्रुसेला व क्षय या दोन्ही रोगांच्या जंतूंना हीच वाट सर्वांत सोपी. उलटपक्षी, दूध चांगले उकळून घेण्याची आपल्या घरांतील रोजची चाल हे जंतू हमखास मारते. ६३ अंश सेल्सियसवर अर्धा तास तापविलेल्या दुधातही ते जगत नाहीत. चिकाचा खरवस वाफेवर पूर्ण शिजतो, त्याचीही भीती नाही. निरशा दुधाचे लोणी मात्र टाळावे.

तथापि उकळीने दूध निर्धोक होते, हात होत नाहीत. व्यालेल्या गाईची वार, तिचे पाणी आणि गाभडलेले वासरू यांत जंतूंची संख्या सर्वांत मोठी असते, आणि ते कातडीवरील बारीक जखमांतून व डोळ्यांतूनही शिरतात. म्हणून गाईचे बाळंतपण करताना रबरी हातमोजे घालावेत, गर्भवती स्त्रीने त्या कामात पडू नये, वार कुत्र्यांच्या तोंडी न लागू देता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावी. चाचणी करून घेतलेल्या गाईच्या बाबतीतही हा नियम पाळणे इष्ट.

आता लसींविषयी. योजनापूर्वक लस टोचल्याने काय साधते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. शतकानुशतके गोठेच्या गोठे ओस पाडणारी बुळकांडी भारतातून हटली. २००६ साली देश तिच्या संसर्गापासून मुक्त असल्याचे मान्य झाले आणि २०११ साली ती जगातूनच नाहीशी झाल्याची घोषणा झाली. लाळ-खुरकत व ब्रुसेला यांच्याविरुद्ध केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला. त्यानुसार चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच देतात. लाळ-खुरकतीची लस मात्र वारंवार द्यावी लागते. त्याच वर्षी ओडिशात प्रथम आढळलेल्या लंपी या त्वचारोगाने २०२२ साली गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र आदी राज्यांत मोठी हानी केली. तेव्हा अंगावरील गाठींकडे व त्यांच्या वणांकडे लक्ष द्यावे, आणि साथ चालू असलेल्या भागातून गाय आणू नये. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी दिल्या होत्या काय, हेही विचारावे. गाईच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला असेल तर तिला दिलेल्या लसींची नोंद त्या क्रमांकावरून पशुवैद्याला पाहता येते. तोंडी सांगण्यापेक्षा ही नोंद अधिक विश्वसनीय.

देशी गाय म्हणजे निरोगी गाय, असाही एक समज आहे. बीदर-उदगीरकडची देवणी, गुजरातेतील गीर व कांकरेज, कोकणची कपिला या जाती उन्हाला व गोचिडांना संकरित होल्स्टिन किंवा जर्सीपेक्षा चांगल्या टिकतात, हे खरे. गोचिडांमुळे येणारा थायलेरियाचा ताप संकरित जनावरांना अधिक जाचतो. त्यात खांद्यापुढच्या गाठी सुजतात. पण ब्रुसेला व क्षय हे जात पाहून येत नाहीत. चाचणी दोघींनाही सारखीच लागू.

चाचण्यांची सोय वाटते तितकी दूर नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पाठविता येतो. पुण्यास औंध येथे पश्चिम विभागाची पशुरोगनिदान प्रयोगशाळा आहे. मुंबई, आणंद, महू, बीदर आणि हैदराबादजवळ राजेंद्रनगर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. खरी अडचण असते ती घाईची. म्हणून सौद्याची रीतच बदलावी. गाय पसंत पडली की विसार द्यावा, आणि उरलेली रक्कम रक्ताचा, क्षयाच्या टोचणीचा व दुधाचा असे तिन्ही निकाल हाती आल्यावर देण्याचे लेखी ठरवावे. ज्याला आपल्या गाईची खात्री आहे तो विक्रेता यास सहसा नाही म्हणत नाही. आणि जो काही केल्या ऐकतच नाही, त्याचा नकार हाही एक प्रकारचा निकालच होय.

गाय घरी आणल्यावरही पहिला महिना जपावे. शेजारच्या गुरांत, घरच्या शेळ्यांत तिला मिसळू देऊ नये. पाण्याचे भांडे निराळे ठेवावे. जुन्या मालकाकडचा चारा व आंबोण काय होते ते विचारून घेऊन आठ-दहा दिवसांत हळूहळू बदल करावा, नाही तर पोट फुगते किंवा बिघडते. शेण तपासून जंताचे औषध द्यावे, गोचीड काढावेत आणि ब्रुसेलाची चाचणी महिनाअखेर एकदा पुन्हा करून घ्यावी.

एवढी खटपट कशासाठी, असे कोणी म्हणेल. तिचे कारण असे की रोगी गाय घेणे सोपे, पण तिच्यापासून सुटणे कठीण. ब्रुसेलाच्या गाईला बरे करणारा व्यवहार्य इलाज नाही. तिला ठेवावे तर घराला धोका, आणि न सांगता विकावे तर तोच धोका दुसऱ्याच्या मुलांच्या वाट्याला. दुभत्या गाईच्या लाथा गोड, असे आपल्याकडे म्हणतात. लाथ दिसते, तिच्यापासून अंग चोरता येते. न दिसणाऱ्या रोगाबाबत तशी सवड मिळत नाही. म्हणून ही सारी काळजी गाईचे दावे आपल्या हाती येण्यापूर्वीच घ्यावयाची असते.